सुलट बाजूचा टाका

सोमवार, ४

इमामसाहेब दुकानात येतात तेव्हा त्यांच्या हातात उसवलेलं काहीतरी असतंच. आज हात रिकामे होते. स्टुलावर बसले, माझी कात्री चालताना बघत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी नमाजानंतर लोकांशी तुम्ही बोलायचं. विषय नम्रता. आपल्या धर्मात चांगल्या अखलाकला, चांगल्या स्वभावाला, केवढं मोल आहे ते सांगायचं."

"मीच का?" मी विचारलं. विचारायचं असतं म्हणून.

"या विषयाची तुमच्याइतकी गरज..." ते जरा थांबले. "आवड. तुमच्याइतकी आवड दुसऱ्या कोणाला आहे?"

खरं आहे. वाचन आहे, आवाज आहे, आणि गर्व म्हणाल तर माझ्या अंगाला कधी शिवलेला नाही. कोणाला तो कशामुळे होतो, याचं मात्र मला पहिल्यापासून कुतूहल आहे. तेव्हा रोज थोडं निरीक्षण करायचं आणि इथे लिहायचं, असं ठरवून आज ही वही काढली.

दुकानात सध्या शांतता आहे. शनिवारपासून धाकटा माझ्याशी बोलत नाही. धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. मी कापतो, तो शिवतो, उभा जन्म एकाच खोलीत गेला. झालं ते एवढंच. वकीलसाहेब कोटाची ट्रायल घ्यायला वेळेच्या आधीच येऊन थडकले. कोट कच्च्या टाक्यांवर होता. अंगात घातला तर उजवी बाही झकास आणि डावी पाठीमागे वळलेली, जणू मागून कोणाकडून काही घ्यायला हात गेलाय. वकीलसाहेब आरशात बघून हसले. मी म्हणालो, "साहेब, माफ करा. माझ्या भावाचे हात मशीनवर असतात, डोकं नसतंच. अल्लाहनं द्यायचंच राहून गेलं." सगळे हसले. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती.

धाकट्यानं बोटावरची शिवणाची टोपी, अंगुस्ताना, काढून मशीनवर ठेवला. दोन दिवसांत बाही नीट बसवली आणि कोट आज गेलाही. चूक त्याची नसती तर बोलला नसता का?

बुधवार, ६

अबोल्याला तीन दिवस होऊन गेले. भावाभावांनी तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला धरू नये, असं पैगंबरसाहेबांनी बजावलं आहे. समोरासमोर यायचं आणि याने इकडे, त्याने तिकडे तोंड फिरवायचं, हे नाही चालत. दोघांत चांगला तो, जो आधी सलाम करतो.

आता प्रश्न असा की आधी कोणी करायचा? याचेही कायदे आहेत आणि मला ते पाठ आहेत. लहानाने मोठ्याला करावा. वाहनावरच्याने चालणाऱ्याला, आलेल्याने बसलेल्याला. धाकटा सायकलवरून येतो, मी चालत. तो लहान, मी मोठा. दोन कायदे सरळ माझ्या बाजूचे. तिसराही माझ्या बाजूला आणायचा तर मी आधी जाऊन बसलेलो हवा आणि तो नंतर यायला हवा. म्हणून आज लवकर निघालो. पाहतो तर दुकान उघडलेलं, झाडलेलं, आणि हा आपला मशीनवर बसलेला. मी खाकरलो आणि टेबलाकडे गेलो.

कामाचं बोलणं भिंतीमार्फत होतं. मी भिंतीला सांगतो, "निळ्या पँटला संध्याकाळपर्यंत बटणं लागली पाहिजेत." संध्याकाळी बटणं लागलेली असतात. भिंत बरी कामसू आहे.

कापडवाला मात्र हल्ली काय माल देतो कळत नाही. आज कापायला घेतलेल्या कापडाच्या कोपऱ्यात बोटाला गाठ लागली. जाड दोऱ्याचा टाका, कोणीतरी मारून विसरल्यासारखा. मी उपटून टाकला. दुसऱ्या कापडालाही तसाच. तोही उपटला. मान वर केली तर धाकटा माझ्याकडेच बघत होता, कपाळाला हात लावून. डोकं दुखत असेल. विचारणार होतो, पण मग बोलणं झालं असतं.

शुक्रवार, ८

आज काही लिहावंसं वाटत नाही, तरी लिहितो. बायकोला जावेकडून कळलं. दुसऱ्या शहरातल्या गणवेशाच्या कारखान्याने धाकट्याला बोलावलं आहे. शिलाई विभागावर देखरेख करायची, राहायला घर. तो पुढच्या शुक्रवारी होय म्हणून कळवणार आणि महिनाअखेर जाणार.

"तुम्ही एक शब्द बोललात तर राहील," बायको म्हणाली. "त्याला जायचं नाहीये. इथे बसवत नाही म्हणून चाललाय."

"मग त्याने बोलावं. मोठा मी आहे."

"तेच तर. मोठे तुम्ही आहात."

यात 'तेच तर' काय होतं, मला समजलं नाही. संध्याकाळी त्याच्या मशीनकडे बघत बसलो होतो. पायाने दाबायची पट्टी एका बाजूने झिजून चकचकीत झाली आहे. तो उजवा पाय जास्त दाबतो, लहानपणापासून. ते मशीन दुसरं कोणी चालवतंय हे मनात आणून बघितलं, पण चित्र जमेना. तो गेला तर मी काय करू, मला खरंच माहीत नाही.

शनिवार, ९

निरीक्षण. आज छातीची मापं घेताना नीट लक्ष दिलं. टेप लावली की जवळपास प्रत्येक माणूस श्वास भरून छाती फुगवतो आणि पोट आत ओढतो. मग कोट त्या मापाचा होतो आणि घरी श्वास सोडल्यावर बटण ताणतं. म्हणजे गर्व छातीत राहतो आणि पोटात लपतो. वकीलसाहेब तर श्वास धरून इतके ताठ उभे राहतात की मला मध्येच "आता सोडा साहेब" म्हणावं लागतं. धाकट्याचं माप गेल्या साली घेतलं होतं तेव्हा तो नुसताच उभा होता, टेपखाली श्वास येत होता, जात होता. पण एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.

इमामसाहेबांना जाऊन विचारलं, "माणूस गर्विष्ठ आहे हे ओळखायचं कसं? चांगले कपडे घालणं हा गर्व का? तसं असेल तर आमचा धंदाच बुडाला."

ते हसले. "हाच प्रश्न पूर्वी एकाने खुद्द पैगंबरसाहेबांना केला होता. कपडे चांगले असावेत, जोडे चांगले असावेत असं माणसाला वाटतं, त्याचं काय? ते म्हणाले, अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य आवडतं. गर्व म्हणजे खरं समोर आलं तरी ते नाकारणं आणि माणसांना तुच्छ लेखणं."

"आणि तोऱ्यात जमिनीवर लोळणारे कपडे घालणं?"

"तोऱ्यात, हे महत्त्वाचं. त्यांच्या एका सोबत्याचं वस्त्र एका बाजूने आपोआप घसरायचं. तो बिचारा घाबरला. त्याला सांगितलं, तू तसं गर्वाने करणाऱ्यातला नाहीस." मग माझ्या गळ्यातल्या टेपकडे बघून म्हणाले, "मनाला टेप लागत नाही, ही तुमची अडचण आहे, मास्तर."

खरं नाकारणं आणि माणसांना तुच्छ लेखणं. हे मी वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून घेतलं. भाषणात इथे वकीलसाहेबांचं उदाहरण बसेल, नाव न घेता.

घरी आल्यावर बायकोला ऐकवलं की पैगंबरसाहेब घरकामाला हात लावायचे, स्वतःचे फाटलेले कपडे स्वतः शिवायचे, जोडे दुरुस्त करायचे. तिने शांतपणे माझाच सदरा आणून पुढे ठेवला. दुसरं बटण गायब. "टेलरच्या घरी सदऱ्याला बटण नाही. करा सुरुवात," म्हणाली.

केली असती. पण सुईची नेढी हल्ली इतकी बारीक करायला लागलेत की दोरा जाईल तर शपथ. शेवटी तिनेच ओवून दिला. दिवाही बदलायला हवा, दिवसेंदिवस मंद होत चाललाय. ती म्हणाली, गेल्या महिन्यातच नवा लावलाय.

सोमवार, ११

आज उजाडता उजाडता दुकान गाठलं. म्हटलं आता कसा माझ्या आधी बसतो बघू. दार उघडंच! धाकटा मशीनवरही नव्हता, माझ्या कटिंगच्या टेबलापाशी होता, कापडांच्या गठ्ठ्यात हात घालून. मला बघताच त्याने काहीतरी पटकन मुठीत घेतलं आणि जाऊन आपल्या जागी बसला.

माझ्या टेबलाशी त्याचं काय काम? शिवणारा माणूस कटिंगच्या टेबलाला हात लावत नाही, हा आमच्या अब्बांपासूनचा नियम आहे. दिवसभर हेच डोक्यात घोळत राहिलं. मूठ उघड म्हणायची किती इच्छा झाली होती! पण आधी सलाम, मग कलाम, म्हणजे बोलणं. आणि सलाम तर अडलेला.

कापडांवरचे ते टाके चालूच. आज चार उपटले. हल्ली खडूही पूर्वीसारखा उमटत नाही.

मंगळवार, १२

कापडवाल्याकडे तक्रार घेऊन गेलो. "तुमच्या मालात दोरे येतात."

"आमच्या?" तो उडालाच. "मास्तर, माल गिरणीतून बंद येतो, मी तसाच तुम्हाला देतो. आणि देतो कसला, हल्ली तुमचा धाकटाच येतो. वर्षभर चाललंय त्याचं. आज एका पँटच्या पायापुरतं, उद्या कॉलरपुरतं. परवाच्या शनिवारी, म्हणजे त्याच्या आधीच्या, दुकान बंद करताना धापा टाकत आला. वकिलांच्या कोटाचं कापड हवं म्हणे, एका बाहीपुरतं. मी म्हटलं, एवढ्याशाचं काय करणार? नुसता हसला."

मी 'हो हो, मीच पाठवलं होतं' असं म्हणून वेळ मारून नेली आणि बाहेर पडलो. वाटेत सगळा उलगडा झाला. वर्षभर तुकडे जमवतोय. माझ्या टेबलाशी पहाटे उभा राहून कटिंग शिकतोय. कारखाना वगैरे सगळी थाप, पठ्ठ्या स्वतःचं दुकान काढतोय! तुकड्यांवर हात बसवतोय, दुसरं काय?

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "एका बाहीपुरत्या कापडात दुकान निघतं का हो?"

बायकांना धंद्यातलं कळत नाही. पण खरं सांगायचं तर प्रश्न तसा वाईट नव्हता. एकच बाही का?

बुधवार, १३

हे नीट क्रमाने लिहायला हवं.

सकाळी वकीलसाहेब कोट परत घेऊन आले. कमरेत थोडा सैल हवा. (श्वास सोडला असणार.) शुक्रवारी सकाळी नेतो म्हणाले. धाकट्याला हे काम द्यायचं तर बोलावं लागलं असतं, आणि उसवायचं काम भिंतीला सांगून भागत नाही. म्हणून तो दुपारी जेवायला घरी गेल्यावर मी स्वतःच कोट टेबलावर घेतला. तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. कोटाकडे बघून म्हणाली, "ही डावी बाही जरा गडद आहे का?"

मला दोन्ही सारख्याच दिसत होत्या. बोटांनी चाचपून पाहिल्या. डावी किंचित कडक लागली, नव्या ताग्यातल्यासारखी. म्हणजे धाकट्याने जुनी बाही नीट बसवली नव्हती. अख्खी नवीन कापून लावली होती. एकच.

मग टेबलाशी उभा राहून हिशेब मांडला. शिवणाऱ्याने चूक केली तर कशी होते? तो डावी बाही उजवीकडे लावतो आणि उजवी डावीकडे. मग दोन्ही वाकड्या बसतात. ट्रायलच्या दिवशी उजवी झकास होती. मीच पहिल्या दिवशी या वहीत तसं लिहिलंय, मागे जाऊन वाचलं. एक नीट आणि एक वाकडी, हे तेव्हाच होतं जेव्हा दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या जातात. आणि कापतो मी.

चिंध्यांचं पोतं उपसलं. तळाशी ती बाही सापडली. कापड कमी होतं म्हणून मी बाह्या एकेक करून कापल्या होत्या, ते आठवलं. खडूची खूण नेहमी कापडाच्या उलट बाजूवर करायची, हे मी धाकट्याला शिकवलं तेव्हा तो टेबलाएवढा होता. मी बाही खिडकीपाशी नेली. वर धरली, फिरवली, पुन्हा फिरवली.

"ही बाजू सुलट की उलट?" मी बायकोला विचारलं.

ती बाहीकडे न बघता माझ्याकडेच बघायला लागली. "तुम्हाला दिसत नाही?"

"उजेड कमी आहे."

"भर दुपार आहे, अहो."

तिने बाही माझ्या हातातून घेतली आणि सांगितलं, खूण सुलट बाजूवर आहे. बाजू बदलली की डाव्या हाताची बाही उजव्याची होते.

एका पायापुरतं, कॉलरपुरतं, एका बाहीपुरतं. वर्षभर. डबा तसाच झाकून ठेवला.

गुरुवार, १४

रात्रभर एकच प्रश्न. तो बोलला का नाही? वकीलसाहेबांसमोर 'दादा, कापलंस तू' एवढे तीन शब्द पुरले असते. मी असतो तर बोललो असतो. मी असतो तर पुढच्या गल्लीतल्या लोकांनाही ऐकू गेलं असतं. चूक नसताना चारचौघांत बोलणी खाऊन गप्प राहणारा माणूस आतून कसा असतो, हे मला खरोखर जाणून घ्यायचं आहे, आणि तो माणूस माझ्यापासून हाताच्या अंतरावर बसून काजं करत होता.

दुपारपर्यंत उत्तम तोड सुचली. उद्या मशिदीत भाषण आहेच. तिथे सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं की चूक माझी होती, माझा भाऊ थोर आहे, मी त्याच्यापुढे मान झुकवतो. बसून लिहूनही काढलं. लिहिताना माझेच डोळे भरून आले. शेवटी हात छातीवर ठेवून क्षणभर थांबायचं, असं कंसात लिहिलं.

संध्याकाळी बायकोला वाचून दाखवलं. तिने भाजी निवडणं थांबवून शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "हे ऐकून लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, केवढा मनाचा मोठेपणा!"

"कोणाच्या?"

मी कागदाची घडी घातली.

"म्हणजे तिथेही उभे तुम्ही, आणि तो खाली बसलेला. सगळे वळून त्याच्याकडे बघणार, तो आणखी मान खाली घालणार. आणि तुमचे डोळे गेलेत हे गावभर होणार. एवढे दिवस तो तेच तर झाकतोय ना?" तिने पुन्हा भाजी पुढे ओढली. "बोललात कोणासमोर? वकिलासमोर. मग तिथे जाऊन बोला. मशिदीला कशाला मध्ये घेता?"

कागद फाडला नाही, वहीत घालून ठेवलाय. चांगला उतरला होता. पण उद्या तो वाचणार नाही. मग काय करणार, तेही ठरलेलं नाही. उद्या शुक्रवार. धाकटा उद्या कारखान्याला कळवणार.

शुक्रवार, १५

सकाळी चालत निघालो. लवकर नाही, उशिरा नाही. वाटेत सवयीने पुन्हा कायदे मोजायला लागलो आणि चौकात एकदम थांबलो. एक हातगाडीवाला मागून ओरडला. लहानाने मोठ्याला, ठीक. पण आलेल्याने बसलेल्याला! रोज सकाळी बसलेला कोण असतो? आणि येतो कोण? इतके दिवस रोज उंबऱ्यात उभा राहून मीच माझा कायदा मोडत होतो, आणि वर खाकरत होतो.

दार उघडं होतं. धाकटा माझ्या टेबलापाशी पाठमोरा बसला होता. मी उंबऱ्यात उभा राहिलो आणि म्हणालो, "अस्सलामु अलैकुम."

आवाज चिरका निघाला. त्याने वळून पाहिलं. त्याच्या ओठांत टाचण्या होत्या, एक ओळच. त्याने हात वर करून मला थांबायची खूण केली आणि एकेक टाचणी काढून गादीत खोचायला लागला. आयुष्यात कधी माझा जीव असा टांगणीला लागला नव्हता. शेवटची टाचणी खोचून झाली तेव्हा तो उठून उभा राहिला.

"व अलैकुम अस्सलाम व रहमतुल्लाहि व बरकातुहू," तो म्हणाला. सलामाला उत्तर द्यावं तर त्याहून चांगलं द्यावं, असं आहेच. मी त्यातही दया-बरकतीची दुआ गाळून आखडता हात घेतला होता.

"बाही मी कापली होती," मी म्हणालो.

"माहीत आहे."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलणार होतो. तू एकटा सापडलास की सांगू, म्हणून कच्चे टाके घालून ठेवले. तेवढ्यात वकील टपकले." त्याने खांदे उडवले. "चारचौघांत काय सांगू? माझ्या दादाला कापडाची उलट-सुलट कळत नाही म्हणून? या हातांनी कापलेलं अख्खं गाव घालतंय."

"पण मी तुला..."

"हां. ते लागलं." हे त्याने सरळ माझ्याकडे बघून सांगितलं. "चूक अंगावर घेतली त्याचं काही नाही रे. डोकं नाही म्हणालास, आणि लोक हसले, आणि तूही हसलास. ते लागलं."

मी मान हलवली. लिहून काढलेलं इतकं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना. "चुकलो," म्हणालो. "जाऊ नकोस." बस्स, एवढंच निघालं.

तो काही बोलायच्या आत वकीलसाहेब आत आले. मीही आढेवेढे घेतले नाहीत. "साहेब, त्या दिवशी कोटाची बाही वाकडी होती ती माझ्या हातून. मी चुकीची कापली होती. माझ्या भावाला बोललो ते खोटं होतं. त्याने ती बाही पुन्हा कापून, शिवून दिली, म्हणून तुमचा कोट तुमच्या अंगावर बसतो."

वकीलसाहेबांनी कोट अंगात चढवला, आरशात पाहिलं, हात वरखाली केले. "कुठली बाही?" ते म्हणाले.

त्यांना आठवतही नव्हतं! मी पुन्हा सगळं समजावून सांगायला लागलो, तर धाकट्याने मागून माझा सदरा ओढला. ते गेल्यावर तो खुर्चीत बसून इतका हसला की मलाही हसू आवरेना. मग आम्ही दोघांनी डोळे पुसले, त्याने हसून, मी दोन्ही कारणांनी.

"आता सांग," मी म्हणालो, "पहाटे माझ्या टेबलाशी काय करत असतोस?"

तो ओशाळला. खिशात हात घालून मूठ माझ्यापुढे उघडली. जाड दोऱ्याचं रीळ आणि सुई. "प्रत्येक कापडाच्या सुलट बाजूला कोपऱ्यात एक टाका घालत होतो. बोटाला लागेल असा. मी गेल्यावर तुझं कापलेलं बघून घ्यायला कोणी नसणार. माझं तर ठरलं होतं की जायच्या आधी सगळ्या गठ्ठ्याला घालून ठेवायचे. आणि तू... तू रोज उपटत बसलास! मी पहाटे घालतोय, तू दुपारी उपटतोयस."

मी कापडवाल्याकडे तक्रार केल्याचं त्याला सांगितलं नाही. अजून तरी नाही.

मशिदीत इमामसाहेबांना गाठून म्हणालो, "मला बोलायला नका उठवू. या विषयातलं मला काही कळत नाही." ते म्हणाले, "चला, मग आता बोलायला हरकत नाही." उठलो. गर्व म्हणजे खरं नाकारणं आणि माणसांना तुच्छ लेखणं, एवढं सांगितलं. अल्लाहसाठी जो खाली वाकतो त्याला अल्लाह वर उचलतो, हे सांगितलं. आणि मी हे दोन आठवडे शिकतोय, अजून येत नाही, असं म्हणून खाली बसलो. नंतर दोघातिघांनी छान बोललात म्हणून हात हातात घेतले. बरं वाटलं. ते वहीपासून लपवत नाही.

परतताना धाकटा सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होता. मला विचारायचा धीर होईना. शेवटी तोच म्हणाला, "कारखान्याला आज कळवलं. आत्ता येत नाही म्हणून. सोमवारी तुला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार आहे. मोतीबिंदूच असणार. तुझं ऑपरेशन होऊन नीट दिसेपर्यंत आहे मी. पुढचं पुढे बघू."

"एका वेळी एकाच डोळ्याचं करतात म्हणे," मी म्हणालो. "दुसऱ्याला बराच अवकाश असतो."

तो गालात हसला.

दुपारी कापायला राखाडी कापड घेतलं. कोपऱ्यावरून बोट फिरवलं. गाठ लागली. दोनदा फिरवून खात्री केली, कापड उलटं केलं आणि खडू उचलला. टाका तसाच राहू दिला.